एकशे एक्कावन्नावं घर

नाव टाकायचं यंत्र मध्येच बंद पडलं, म्हणून मुग्धाला त्या दुकानात वीस मिनिटं जास्त थांबावं लागलं. नागपूरच्या इतवारीतल्या भांडेगल्लीत ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची, तेही सासूबाई प्रेमलताबाईंनी पाठवलं तर. या खेपेला दिपालीच्या, म्हणजे पुतणीच्या लग्नात द्यायची कढई होती. प्रेमलताबाईंचं म्हणणं, नाव न टाकता भांडं दिलं तर चार वर्षांनी तीच पोरगी विचारेल, काकूनं दिलं तरी काय होतं. दुकानदार यंत्राची वायर हलवून बघत होता. बाहेर हातगाडी अडकली होती आणि तिच्या मागे टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मुग्धा सवयीनं समोरची अक्षरं वाचू लागली. दुकानाची पाटी, कॅलेंडर, कुकरच्या खोक्यावरच्या सूचना. मग कोपऱ्यातली जुनी पितळ. मोडीत आलेल्या त्या ढिगात एक गुंड होता, पाणी भरून ठेवायचा, रुंद खांद्यांचा, गळ्याखाली ठिपक्यांनी कोरलेली ओळ असलेला. चि. सौ. कां. पंचफुला व चि. रामाजी वांढरे यांस मामाकडून. ता. ११-५-९६. तिनं ती ओळ वाचली आणि ती पुन्हा वाचायची गरज नाही हे तिला कळलं, कारण ती तिनं आधी वाचलेली होती. जिभेच्या मागच्या भागात पाण्याची चव आली. पितळेत रात्रभर राहिलेल्या पाण्याची, किंचित तुरट. इतकी खरी की तिनं आवंढा गिळला.

दुकानदारानं तिची नजर पाहिली आणि लगेच सांगू लागला. रिंगरोडवर गावरान जेवणाचं हॉटेल होतं, तिथं शोभेला ठेवली होती ही भांडी. हॉटेल बंद झालं, त्यानं सगळा लॉट उचलला. आता फ्लॅटवाले घेतात, झाड लावायला. त्यानं गुंड उचलून काट्यावर ठेवला. चार किलो दोनशे दहा. यंत्राला आज काही मुहूर्त नाही, कढई सोमवारी घेऊन जा, तेव्हाच बघा हवा असेल तर, बाजूला ठेवतो, असं तो म्हणाला. मुग्धानं मान हलवली. मोबाइलवर गुंडाचा एक फोटो काढला, मग अक्षरांचा एक जवळून, आणि गांधीबागेच्या बाजूनं चालत निघाली. कापडाच्या गठ्ठ्यांना चुकवत, पावलं मोजत. घाबरली की ती पावलं मोजायची. आपण घाबरलो आहोत हे तिला चारशेच्या पुढे गेल्यावर समजलं.

पंचफुलाचं घर म्हणजे कार्ड नंबर अठ्ठ्याऐंशी. दोन हजार सातमध्ये मुग्धा संशोधन संस्थेत नवी होती, आणि मार्तंड सरांनी पारशिवनी तालुक्यातल्या कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी सुरू केली होती. तीनशे एक घरं निवडायची, दर दोन वर्षांनी त्याच घरांत जायचं, वर्षभरात किती मिळालं ते विचारायचं. मग सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावायची, सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त, आणि बरोबर मधलं, एकशे एक्कावन्नावं घर शोधायचं. त्या घराचं उत्पन्न म्हणजे तालुक्याचा मध्यक. सरासरीवर सरांचा राग होता. एक दारूचा ठेकेदार राहायला आला की सगळं गाव श्रीमंत होतं, असं ते म्हणायचे. पहिल्या फेरीचा हिशेब झाला तेव्हा त्यांनी तिला बोलावून सांगितलं, सरासरी कुठेच राहत नाही, पण मध्यकाला घर असतं, दार असतं, जाऊन बघून या. ती गेली. सावरटोल्यात, शेवटच्या गल्लीत, दाराशी पारिजात. अडीच एकर धान, बाकी मजुरी, छत्तीस हजार पाचशे. रामाजी बोटांवर बेरीज करत होता आणि दहा वर्षांची हर्षा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, बापाच्या आधी उत्तर सांगून मोकळी होत होती. पंचफुलानं गुंडातून पाणी काढून दिलं आणि विचारलं, "बाई, एवढ्या घरातून आमच्याच घरी काहून आल्या?" मुग्धानं सांगितलं, तुमचं घर बरोबर मधलं आहे. पंचफुला हसली. म्हणजे आमच्याहून गरीब बी एवढेच अन् श्रीमंत बी एवढेच, असं तिनं स्वतःच लावून घेतलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आयकलं का गा, आपण मधात हावो. तुमी तर रोज म्हनता आपण सगळ्यायच्या खाली." रामाजी लाजला. पोर गुडघे चोळत होती. मुग्धानं ते पाहिलं होतं. कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता.

शुक्रवारी ऑफिसात तिनं काहीच केलं नाही. म्हणजे सगळं केलं, सह्या केल्या, चहा प्याली, दहाव्या फेरीच्या अहवालाचं शेवटचं वाचन केलं. अहवाल सोमवारी जायचा होता. अठरा वर्षं, दहा फेऱ्या, आलेखावर दहा ठिपके, सगळे २००७ च्या किमतींत उतरवलेले म्हणजे महागाईचा फुगवटा नाही. पहिले तीन ठिपके जवळपास सपाट, मग चौथ्यापासून रेषा वर जाते आणि खाली येत नाही. ही रेषा तिची होती. मार्तंड सर गेल्यावर तिनंच ती पुढे नेली होती. या वेळी रेषेची वाट पाहणारं कोणीतरी होतं. सिकलसेल या रक्ताच्या, सांधे दुखवणाऱ्या आजाराची तपासणी आणि औषधं घेऊन गावोगाव फिरणारी एक गाडी पारशिवनीत आठ वर्षं चालते, तिचा खर्च एक न्यास करतो, आणि न्यासानं यंदा ठरवलं होतं की ज्या तालुक्याचा मध्यक त्यांनी आखलेल्या रकमेच्या वर गेला तिथून गाडी काढायची, जास्त गरजेच्या ठिकाणी द्यायची. पारशिवनी वर गेला होता. थोडासाच, पण वर. मुग्धाला यात कालपर्यंत समाधान वाटत होतं. जेवताना तिनं मोबाइलवरचा फोटो उघडला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. लग्नात मामानं दिलेला गुंड कोणी बाई उगाच देत नाही. मधल्या घरातली बाई कधी देईल? आणि रेषा वर जात असताना का देईल?

शनिवारी सुटी होती. तिनं चौकीदाराकडून रेकॉर्डरूमची किल्ली घेतली. जुनी कार्डं कापडात बांधलेली होती, गाठी सोडवताना नखात धूळ गेली. अठ्ठ्याऐंशी नंबर, चौथी फेरी, जुलै २०१३. नत्थूचं अक्षर, गोल आणि शहाणं. नत्थू पारशिवनीचाच, घरोघर जाऊन कार्डं भरणाऱ्या पाच जणांतला, दहावी फेरी करून निवृत्त झालेला. शेती आणि मजुरी मिळून अडतीस हजार. त्याखाली, इतर जमा. बैलजोडी विकली, सेहेचाळीस हजार. पितळी भांडी विकली, नऊ हजार तीनशे. कानातले विकले, अकरा हजार पाचशे. एकूण उत्पन्न, एक लाख चार हजार आठशे. सदस्य तीन. मागील फेरीत चार. कमी होण्याचं कारण, दोन. एक म्हणजे लग्न, दोन म्हणजे मृत्यू, तीन म्हणजे शिक्षणासाठी बाहेर. हे आकडे तिनंच ठरवलेले, ते बघायला तिला यादी लागत नव्हती. तरी तिनं यादी काढून पाहिली. ज्या वर्षी हर्षा गेली त्या वर्षी हे घर ओळीत एकशे एक्कावन्नाव्या जागेवरून उठून दोनशे चाळिसाव्या जागेवर जाऊन बसलं होतं. सगळ्यात चांगलं वर्ष. पुढच्या फेरीच्या कार्डावर एकच शब्द, बंद. आणि नियमाप्रमाणे लगतचं उघडं घर घेतलेलं, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं.

खुर्ची भिंतीला टेकवून ती बसली. पंखा लावला तर कार्डं उडतील म्हणून लावला नव्हता, घाम कानामागून मानेवर येत होता. हे कसं लिहिलं गेलं? नत्थू मूर्ख नव्हता. विकलेला बैल ही कमाई नसते हे त्याला तिच्याआधी माहीत असणार. आणि मग ती दुपार हळूहळू वर आली, तळाशी गेलेली वस्तू पाणी उपसल्यावर दिसावी तशी. जुलै, ऑफिस, टेबलावर डबा उघडलेला, त्यात भेंडी. त्या दिवशी ती खूश होती, तिचा एक निबंध परदेशात छापायला घेतला होता. फोन वाजला, मागे एसटी स्टँडचा गलका. नत्थू म्हणत होता, म्याडम, एका घरी यायनं बैल विकले, भांडे विकले, ते बी उत्पन्नात लिहू का? ती काय म्हणाली? तिला शब्द आठवायला नको होते, पण ते आठवले, आवाजासकट, भेंडीच्या वासासकट. ती म्हणाली होती, "नत्थूभाऊ, पैसे घरात आले ना? मग लिहा."  तो म्हणाला, बरं. आणि नत्थूला सांगितलेलं बाकीच्या चौघांनाही सांगायला हवं, सगळीकडे एकच पद्धत हवी, म्हणून तिनं त्याच संध्याकाळी पत्रक काढलं होतं. घरात आलेली प्रत्येक रक्कम. खाली तिची सही. पत्रक त्याच गठ्ठ्यात होतं.

संध्याकाळपर्यंत तिनं चौथ्या फेरीची तीनशे एक कार्डं पाहिली. इतर जमेत काही ना काही विकलेलं अशी त्र्याहत्तर घरं. बैल, शेळ्या, पत्रे, सागवानी दार, सायकल, मंगळसूत्रातले मणी. नत्थूसारख्यांनी सगळं शब्दांत लिहून ठेवलं होतं, तिनं फक्त शेवटची बेरीज संगणकात भरून घेतली होती. ती रक्कम वजा करून तिनं घरं पुन्हा ओळीत लावली. मध्यक एकेचाळीस हजार दोनशेवरून चौतीस हजार नऊशेवर आला. पहिल्या फेरीच्याही खाली. रेषा जिथून वर चढत होती तिथून ती उतरत होती. हे दुरुस्त करता येत होतं. पुढचं येत नव्हतं. विकून झाल्यावर माणसं गेली, दाराला कुलूप लागलं, आणि त्यांच्या जागी शेजारची, विकावं न लागलेली घरं आली. दहाव्या फेरीपर्यंत अशी चौऱ्याण्णव घरं बदललेली होती. गेलेल्यांचं पुढे काय झालं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तालुका तिथेच होता आणि त्याची माणसं कोणीतरी एकेक करून बदलली होती, नियमानं, पत्रकाप्रमाणे.

रविवारी ती बसनं पारशिवनीला गेली. नत्थू स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "मी तर पुसलं होतं तुमाले, म्याडम." त्यात राग नव्हता, आठवण करून दिल्यासारखं होतं, आणि ते जास्त लागलं. वाटेत त्यानं सांगितलं की हर्षाला सहा महिने नागपूरच्या दवाखान्यात नेत-आणत होते, तेव्हा गाडी नव्हती यायची गावात, गाडी नंतर आली. शेत पुढच्या वर्षी गेलं. रामाजी एकोणीस साली वारला. पोरगा रोहित बुटीबोरीत कंपनीत आहे, बायको-लेकरं तिकडंच. पंचफुला इथं भावाकडे राहते, आणि शाळेत खिचडी शिजवते. मग तो म्हणाला, त्याच्या दारावरून गाडी जाते तेव्हा तो आकडा बघतो, किती जण उभे आहेत. सवय. परवा एकेचाळीस होते. मुग्धानं विचारलं नाही की गाडी जाणार हे त्याला माहीत आहे का. 

पंचफुला ओसरीत तांदूळ निवडत होती. केस पूर्ण पांढरे. मुग्धापेक्षा ती दोन वर्षांनी लहान आहे हे मुग्धाला कार्डावरून माहीत होतं. ओळख लागायला वेळ लागला, मग ती म्हणाली, मधातल्या घरावाल्या बाई, आणि भावजयीला चहा टाकायला सांगितला. मुग्धानं काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते बाजूला राहिलं. तिनं मोबाइल पुढे केला. पंचफुलानं तांदळाचे हात पदराला पुसले, फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ.

"मामाचा हाये," ती म्हणाली. "कुठं भेटला?"

मुग्धानं सांगितलं. हॉटेलचं सांगितलं नाही. विचारलं, आणून देऊ का. पंचफुलानं मान हलवली. इथं नळ हाये, म्हणाली, अन् भावाच्या घरात मी ठेवू कुठं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, खडे बाजूला, लोंब्या बाजूला. हात थांबत नव्हता, आवाजही चढत नव्हता. भांडी विकली त्या दिवशीचं सांगत होती. हर्षीले दोन बाटल्या रक्त लागणार होतं, अन् गाडीभाडं. मग महिनाभरानं, सगळं झाल्यावर, नत्थूभाऊ कागद घेऊन आले. ते बिचारे खाली मान घालून लिहीत होते. बेरीज करायची वेळ आली तर ह्यांच्या बोटांवर बसेना, आधी पोरगी सांगायची. तर बेरीज नत्थूभाऊनंच केली.

"मी म्हटलं, किती झाली गा भाऊ? तं थे म्हने, वहिनी, एक लाखाच्या वर." पंचफुलानं ताट हलवलं. "मले हासू आलं, बाई. जनमात पहिल्यांदा लाख आयकले आमच्या घरात."

नत्थू अंगणात जाऊन उभा राहिला होता, पाठमोरा. मुग्धा म्हणाली की ते तसं लिहायला मी सांगितलं होतं, चूक माझी होती. वाक्य बरोबर होतं आणि ओसरीत ते कुठेच टेकलं नाही. पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं, समजलं नाही म्हणून की समजून काही उपयोग नाही म्हणून, हे मुग्धाला वाचता आलं नाही. चहा आला. निघताना पंचफुला दारापर्यंत आली.

"नाव हाये का वं त्याच्यावर अजून?" तिनं विचारलं. बाई म्हणणारी ती, आता वं म्हणाली, घरच्या बाईला म्हणतात तसं.

"आहे," मुग्धा म्हणाली. "तारखेसकट आहे."

"मंग राहू द्या तिथंच," पंचफुला म्हणाली. तिचा चेहरा थोडा सैल झाल्यासारखा दिसला, किंवा ऊन बदललं असेल.

सोमवारी सकाळी मुग्धानं महादेवरावांच्या टेबलावर अहवाल ठेवला. संस्थेचे प्रमुख असूनही ते तिला ताई म्हणत, आणि वाईट माणूस नव्हते. चौथ्या फेरीपुढच्या प्रत्येक आकड्याच्या जागी तिनं लिहिलं होतं, ठरवता येत नाही. पहिल्याच पानावर कारण, पत्रकाची तारीख, स्वतःचं नाव. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले की ताई, याची एक टीप करू, शेवटी टाकू, चूक कोणाची होत नाही? तिनं नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बरं, दुरुस्त करून काय येतो मध्यक? अठरा वर्षांत या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. हाताशी आकडेही होते, शेजारच्या तालुक्यांवरून, मतदारयाद्यांवरून अंदाज बांधता आला असता, गाडी राहील एवढा खाली आणता आला असता, आणि तो खराही असू शकला असता. तिनं शनिवारी संध्याकाळी तो बांधूनही पाहिला होता. पण त्यात चौऱ्याण्णव रिकाम्या जागा पुन्हा तिनंच मनानं भरलेल्या. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

महादेवरावांनी चष्मा पुन्हा लावला. मग शांतपणे समजावून सांगितलं की न्यासाला आकडा लागतो. नवा नसला तर ते मागच्या अहवालातला छापलेला आकडा धरतील, तोही वरचाच आहे, तोही तुमचाच आहे. गाडी तशीही जाईल. तुमच्या या पानानं फक्त तुम्ही जाल. ती हो म्हणाली, तिनं हे तपासलं होतं. न्यासाला वेगळं पत्र लिहून तिनं सकाळी टपालात टाकलं होतं, ते त्यांनी वाचलं तर वाचलं. महादेवरावांनी पहिलं पान बाजूला काढून ठेवलं आणि बाकीच्या पानांची कड टेबलावर आपटून सारखी केली.

इतवारीत पोचली तेव्हा चार वाजले होते. यंत्र दुरुस्त झालं होतं. कढईवर प्रेमलताबाईंनी लिहून दिलेलं सगळं नीट उमटलं होतं, काकूचं नाव, काकाचं, तारीख. तिनं हात फिरवून पाहिला, ठिपके बोटांना टोचले. मग दुकानदारानं आतून गुंड आणला आणि फडक्यातून काढून तिच्यासमोर ठेवला. तो पिवळाधमक झाला होता, त्यात ट्यूबलाइट दिसत होती, गल्ली दिसत होती, तिचा चेहरा रुंद होऊन दिसत होता. गळ्याखाली काहीच नव्हतं.

"मॅडम, तुम्ही फोटो काढून नेला, तेव्हाच समजलो घेणार म्हणून," तो म्हणाला. "पॉलिश करून ठेवला. जुनं नाव पण घासून टाकलं. कोणाच्या घरचं होतं काय माहीत, आपल्या घरात कशाला ते. आता सांगा, कोणाचं नाव टाकू?"

तिनं बोट ठेवलं. गुळगुळीत, अजून किंचित ऊबदार. तिला ओळ पाठ होती, शब्द, ठिपके, तारखेतली आडवी रेघ. तिनं सांगितली असती तर पाच मिनिटांत तशीच उमटली असती, अकरा मे शहाण्णवची, आज कोरलेली, आणि पाहणाऱ्याला फरक कळला नसता. दुकानदारानं यंत्र सुरू केलं. सुईचा बारीक आवाज दातांत शिरला. तो वाट पाहत होता.

"रिकामं राहू द्या," ती म्हणाली.

त्यानं खांदे उडवून यंत्र बंद केलं आणि गुंड काट्यावर ठेवला. चार किलो दोनशे. त्यानं गुरुवारचा आकडा आठवून पाहिला, कॅल्क्युलेटर ओढला आणि म्हणाला, घासण्यात दहा ग्रॅम गेलं मॅडम, तेवढं कमी करतो.

"नको," मुग्धा म्हणाली. "ते धरा."